सातव्या बेडचा अंगठा

त्या इस्पितळाला भिंती तीनच होत्या. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे, दिवे आणि वायरींची गुंतवळ. ऑपरेशन थिएटरच्या खिडकीतून दिसणारं निळं आकाश कापडावर रंगवलेलं होतं आणि त्यातला एक ढग दरवर्षी उसवायचा. लिफ्टचं दार दोन माणसं दोन बाजूंनी दोरीनं ओढत. दोघांचं भांडण झालेलं असलं की एक फळी आधी उघडे, दुसरी रुसून मागाहून. ज्या लांबलचक कॉरिडॉरचं लोक कौतुक करत तो जेमतेम वीस पावलांचा. डॉक्टर आणि नर्स बोलत बोलत कोपऱ्यावर वळत, पडद्यामागून धावत परत येत आणि पुन्हा त्याच कॉरिडॉरमध्ये शिरत. तेवढ्यात कुणीतरी भिंतीवरचं चित्र बदललेलं असे. रक्त साखरेच्या पाकाचं, त्यामुळे जखमी पेशंटला मुंग्यांपासून वाचवायला एक माणूस कायमचा नेमलेला. आणि घराघरांतल्या लोकांना पोट धरून हसायला लावणारा तो मोठा सर्जन? त्याला खरी सुई नुसती दाखवली तरी घेरी यायची. ही गोष्ट बाहेर फुटू द्यायची नाही असं ठरलं होतं, म्हणून ती सगळ्यांना ठाऊक होती.

टीव्हीवरची ही विनोदी मालिका नऊ वर्षं चालली होती, आणि नऊही वर्षं वहीवाली तिथं होती. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवे; एरवी सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे वहीवाली. काम असं की एकच प्रसंग आज अर्धा टिपायचा आणि उरलेला चार दिवसांनी. मग आज पट्टी डाव्या पायाला होती की उजव्या, डॉक्टरच्या खिशात पेनं दोन की तीन, नर्सच्या हातातला ग्लास अर्धा होता की भरलेला, हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि लिहून ठेवायचं. घरी तिचा नवरा म्हणे, "हिच्यासमोर चमचासुद्धा हलवायची सोय नाही." त्यात खोटं काही नव्हतं.

पण तिच्या वह्यांत सगळ्यात जास्त पानं ज्या माणसानं खाल्ली, तो नऊ वर्षांत कॅमेऱ्यासमोर एक शब्द बोलला नव्हता.

तो आला होता घड्याळ बंद करायला. मालिका नवी होती तेव्हा वॉर्डातल्या भिंतीवरचं घड्याळ फार जोरात टिकटिक करे, आणि शिवाय चालेही. एका टेकमध्ये सव्वादहा, पुढच्यात अकराला पाच. मग पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीला बोलावलं. दुकान बंद करायच्या बेतात असलेला माणूस; लोक वेळ फोनमध्ये बघायला लागल्यापासून त्याच्याकडे फक्त पट्टा बदलायला येत. तो शिडीवर चढला, घड्याळ उघडलं, आतलं यंत्र काढून रुमालात बांधलं आणि खाली उतरून म्हणाला, "चाळीस वर्षं बंद घड्याळं चालू केली. चालू घड्याळ बंद करा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

मालिकेचे पहिले दिग्दर्शक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते त्या वेळी कपाळाला हात लावून बसले होते. सातव्या बेडवरचा बेशुद्ध पेशंट व्हायला जो माणूस यायचा तो आलाच नव्हता. अण्णांनी घड्याळजीकडे पाहिलं. "अर्धा तास पडून राहता का? काही करायचं नाही."

"काही न करणं सोपं नसतं," घड्याळजी म्हणाला, चपला काढल्या, जोडीनं बेडखाली ठेवल्या आणि झोपला.

तो झोपला तो नऊ वर्षं.

त्याचं नाव त्या दिवसापासून सातनंबर. समोर बोलायचं तर काका.

पहिल्या दिवशी वहीवालीनं त्याच्या छातीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. चादर हलत नव्हती. ती घाबरून अण्णांना खूण करणार, इतक्यात कट झाला आणि मेलेल्या माणसानं डोळे उघडून विचारलं, "चहा कुठं मिळेल?" पुढे त्यानंच तिला समजावलं. घड्याळातली केसासारखी स्प्रिंग बसवताना श्वास जरा जोरात पडला तर ती उडून जाते आणि मग फरशीवर गुडघे टेकून दिवसभर शोधा. म्हणून श्वास छातीत घ्यायचाच नाही. तो खाली न्यायचा, पाठीच्या बाजूला, हळू, गादीला कळेल पण चादरीला कळणार नाही असा. पापण्यांचंही तसंच. मिटायच्या नाहीत, सोडून द्यायच्या. मिटलेली पापणी थरथरते, सोडलेली थरथरत नाही. हे ऐकून वहीवाली त्या दिवशी घरी जाऊन आरशासमोर पापण्या सोडत बसली. तिला जमलं नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही. तो खरंच झोपून गेला.

सातनंबर कधीच झोपला नाही. याला पुरावा त्याच्या बायकोचा. एकदा ती शूटिंग बघायला आली, काठापदराची नवी साडी नेसून, आणि वहीवालीशेजारी बसली. कुणीतरी थट्टा केली, "काकू, काकांची मजा आहे. झोपायचे पैसे मिळतात."

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. "हे झोपले ना," काकू म्हणाल्या, "तर तुमची ही खोटी भिंत खाली येईल. घरी मी कानात कापूस घालते. वरच्या मजल्यावरचे लोक घर बदलून गेले. झोप म्हणता?"

तेव्हा सगळ्यांना उमगलं की हा माणूस जागा असतो. डोळे झाकून, सगळं ऐकत, जागा. त्याच्या अंगावर वाकून तो सुईला भिणारा सर्जन असे काही चाळे करायचा की दिवेवाल्यांना तोंडात रुमाल कोंबावा लागे. एकदा कॅमेरामन हसून हसून कॅमेऱ्यासकट हलला. मेट्रनचं काम करणारी बाई तर मोठी वस्ताद. नुसतं थर्मामीटर झटकताना ती चेहरा असा करी की टेक वाया जायचा. सगळे कोसळत. सातव्या बेडवर मात्र शांतता.

आणि मग एक दिवस तो अंगठा हलला.

लेखक नवाकोरा होता, त्याचा पहिलाच प्रसंग. वहीवाली नेहमीसारखी बेडच्या पायथ्याशी स्टुलावर. चादरीबाहेर आलेल्या सातनंबरच्या उजव्या पायाचा अंगठा एकदा आत वळला आणि सरळ झाला. कॅमेऱ्यात पाय येत नव्हते, तेव्हा बिघडलं काहीच नाही. तिनं सवयीनं वहीत लिहिलं: 'टेक ४. स. नं.चा अंगठा हलला.' दुपारी चहावर सहज बोलून गेली. झालं. लेखकाचे पाय जमिनीला लागेनात. ज्याला अख्खं युनिट हसवू शकलं नाही, त्याला याच्या विनोदानं हलवलं.

त्या दिवसापासून सेटवर कायदाच झाला. विनोद चांगला की वाईट हे अण्णा ठरवत नसत, लेखक नाही, प्रेक्षकही नाहीत. अंगठा. कट झाला की सगळ्यांची मान वहीवालीकडे. ती मान हलवी: नाही. पुन्हा कट, पुन्हा नाही. मोठमोठे नट त्या अंगठ्यासाठी झुरले. सर्जन तर म्हणे की त्याला मिळालेली बक्षिसं कपाटात आहेत, पण अंगठा फक्त चारदा मिळालाय. कुणी पैज लावी, कुणी सातनंबरच्या चहात जास्त साखर घालून लाच देऊन बघे. तो चहा पिऊन टाकी आणि आडवा होई. नऊ वर्षांत अंगठा हलला तेवीस वेळा. तेवीस तारखा वहीवालीकडे लिहिलेल्या.

अण्णा थकले, घरी बसले, आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हुशार, पण सदा घाईत. बसला तरी खुर्चीच्या कडेला. त्यांना आल्या आल्याच ठेच लागली. सातनंबरच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि आठवडाभर शूटिंग अडलं. कारणाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं, 'बेशुद्ध पेशंट आजारी असल्यामुळे.' वरच्या ऑफिसात तो कागद हातोहात फिरला, लोक हसले, आणि साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पंधरा दिवसांत पेटीतून पुतळा आला. रबरी, माणसाएवढा, सातनंबरच्याच फोटोंवरून बनवलेला. भुवयांचे केससुद्धा एकेक करून लावलेले. मेकअपवाला त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "माझ्यापेक्षा बरा दिसतो."

साहेबांनी सरळ सांगितलं, "काकांचा अपमान करायचा नाही मला. पण याला मोतीबिंदू होत नाही, सर्दी होत नाही, वय वाढत नाही. शनिवारी एकच प्रसंग दोनदा करू. एकदा काका, एकदा पुतळा. कुठला कोण हे मला सांगू नका, मी सेटवर थांबणारच नाही. पडद्यावर मला फरक दिसला तर काका राहतील. नाही दिसला तर पुतळा."

सातनंबरनं ऐकून घेतलं. डोळ्यावरचा काळा चष्मा पुसला. "बरोबर आहे," म्हणाला, आणि मग वहीवालीला हळूच, "घरी बसलो तर काकूला कापूस दिवसासुद्धा घालावा लागेल." हसला, पण हात चष्मा पुसतच राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

वहीवालीनं ठरवलं की आपण गप्प बसायचं नाही. साहेबांपुढे तेवीस तारखा ठेवायच्या. हा माणूस म्हणजे नुसता पडलेला देह नाही, सगळ्या मालिकेची कसोटी आहे, हे कागदावर दाखवायचं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती कपड्यांच्या खोलीत गेली, जुन्या वह्यांचा ढीग काढला आणि हँगरला टांगलेल्या पांढऱ्या कोटांमध्ये जमिनीवर बसून एकेक तारीख उतरवू लागली.

पहिला अंगठा, लेखकाचा. तिनं तो विनोद वाचला. पुन्हा वाचला. इंजेक्शन आणि इस्त्री यांच्यावरचा काहीतरी विनोद होता, आणि तो इतका भिकार होता की तिला त्या रिकाम्या खोलीत लाज वाटली. खाली तिच्याच अक्षरात: 'लेखकाचा शर्ट घामानं ओला, मागून दिसतो, कॅमेऱ्यापासून दूर ठेवणे.'

तिनं दुसरा काढला. मेट्रनबाईंचा. 'मॅडमचे डोळे सुजलेले, मेकअप जास्त लावणे.' तारीख पाहिली. बाईंचे यजमान गेल्यानंतर त्या पहिल्यांदा कामावर आल्या होत्या त्या दिवसाची. विनोद असा काही नव्हताच, बाईंनी एक वाक्य विसरत विसरत म्हटलं होतं.

तिसरा सर्जनचा. 'टेक १५. हात थरथरतो, ग्लास रिकामा ठेवणे.' सकाळपासून वाक्यं विसरत होता तो दिवस.

तिच्या कामात चेहरे लिहावेच लागत. डोळा सुजला, आवाज बसला, हात थरथरला, तर पुढच्या वेळी तसं जुळवायला हवं म्हणून. नऊ वर्षं तिनं ते लिहिलं होतं आणि नऊ वर्षं शेजारी अंगठाही लिहिला होता. दोन्ही एकाच पानावर. आणि ज्या विनोदांना दिवेवाले भुईवर लोळले होते, ज्यांना लोक अजून रस्त्यात अडवून दाद देत होते, त्यांच्यापुढे एकूणएक ठिकाणी लिहिलेलं: 'अंगठा, नाही.'

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. श्वास छातीऐवजी पाठीत नेणारा, पापण्या सोडून देणारा माणूस. त्याचा अंगठा चुकून हलेल? तेवीसपैकी एकदाही तो हसला नव्हता. त्यानं तो अंगठा दिला होता. डोळे झाकून, नुसत्या आवाजांवरून, त्याला कळायचं की या खोलीत आज कोण पडायच्या बेतात आहे.

अकरावी नोंद पाहून तर ती कोटांच्या बाह्यांत तोंड लपवून बसली. त्या दिवशी तिनं पट्टी भलत्या पायाला लिहिली होती, दोन दिवसांचं काम वाया गेलं होतं, आणि अण्णा तिला सगळ्यांसमोर बोलले होते. नंतरच्या टेकमध्ये ती पायथ्याशी बसून नाक ओढत होती. समोर कुणी काही विनोद करत नव्हतं. सर्जन नुसता हात धूत होता. आणि अंगठा वळला होता. तिनं तेव्हा लिहिलं होतं, 'हात धुण्यात काय गंमत आहे ते बघणे.' पुढे सहा भागांत सर्जन हात धुताना दिसला, तो तिच्या त्या ओळीमुळे.

ही यादी साहेबांना दाखवायची? यादी बाहेर पडली तर लेखकाला कळणार की नऊ वर्षांची त्याची ऐट एका भिकार विनोदावर उभी आहे. मेट्रनबाईंना कळणार. सर्जनला त्याच्या चार अंगठ्यांचा अर्थ कळणार. तिनं वह्या परत बांधल्या. हातात जे होतं तेही गेलं.

शनिवारी मेट्रनबाईंनी आपल्या परीनं कट शिजवलाच होता. "काकांना हलवायचं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "अंगठा नको, आज सरळ हसवायचं. चादर उडाली पाहिजे. रबराला हसता येत नाही, दिसू दे साहेबांना." आणि पहिल्या टेकला, सातनंबर बेडवर असताना, बाईंनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. सलाईनची नळी, स्वतःची टोपी आणि सर्जनचा चष्मा, एवढ्याच सामानावर त्यांनी अडीच मिनिटं अशी काढली की आवाज टिपणारा माणूस कानावरचं यंत्र काढून बाहेर पळाला. वहीवालीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चादर हलली नाही. अंगठा हलला नाही.

कट झाल्यावर बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "काका, तुमच्याचसाठी चाललं होतं हे. जरा हसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"शॉट चालू होता," सातनंबर म्हणाला. चपला घातल्या आणि बाजूला झाला. मग पुतळा आला आणि तेच सगळं पुन्हा झालं.

साहेब छोट्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसले. मागे बाई, लेखक, कॅमेरामन, वहीवाली. पहिला टेक पाहिला. दुसरा पाहिला. दोन्ही पुन्हा, फक्त बेड मोठा करून. साहेब पडद्याला नाक लावण्याइतके पुढे सरकले.

"दुसऱ्यात काका आहेत," शेवटी म्हणाले. "बघा, चादर किंचित हलते."

कॅमेरामन खाकरला. "ती पंख्याची हवा आहे, साहेब. दुसऱ्यात पुतळा आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. साहेब मग हळू म्हणाले, "जिवंत माणूस पुतळ्यापेक्षा स्थिर. असं मी पाहिलं नव्हतं." आणि खांदे पाडून, "पण ठरलं ते ठरलं. फरक दिसत नाही."

"दिसतो," वहीवाली म्हणाली.

सगळे वळले. नऊ वर्षांत ती या खोलीत विचारल्याशिवाय बोलली नव्हती.

"साहेब, दोन टेकमधला फरक सांगणं एवढंच मला येतं. सांगू? पहिल्या टेकला मॅडम बेडजवळून जाताना पायावरची चादर सारखी करतात. प्रसंगात तसं लिहिलेलं नाही. दुसऱ्यात त्यांनी फाईल पुतळ्याच्या पोटावर टाकली."

"मी?" मेट्रनबाई म्हणाल्या. "छे. मी कशाला टाकेन?"

"पुढे. सर्जन पहिल्यात बेडपाशी आला की आवाज खाली आणतो. दुसऱ्यात पुतळ्याच्या कानाशी ओरडतो. स्ट्रेचरवाला पहिल्यात वळसा घालून जातो, दुसऱ्यात बेडला धक्का मारून. आणि शेवटी मॅडम मोठ्या हसण्याच्या जागी पहिल्यात काकांकडे बघून थांबतात, त्यांना ऐकू जावं म्हणून. दुसऱ्यात कुणाकडे बघतच नाहीत. फरक बेडवर नाही, साहेब. भोवती आहे. बेडवर बघू नका."

साहेबांनी दोन्ही टेक पुन्हा लावले. या वेळी बेडकडे पाहिलं नाही. बाईंचा हात चादरीकडे गेला. पोटावर फाईल पडली, धप्पकन. बाईंनी स्वतःच्याच हाताकडे अंधारात टक लावून पाहिलं. सर्जनचा आवाज उतरला. सर्जनचा आवाज चढला. साहेबांनी तिसऱ्यांदा लावलं, चौथ्यांदा लावलं. पहिल्या टेकमध्ये ते इस्पितळ होतं. दुसऱ्यात तीन भिंती होत्या.

मग साहेब म्हणाले, "पुतळा शवागाराच्या प्रसंगाला चालेल." आणि उठून बाहेर गेले.

सातनंबर बाहेर बाकावर बसला होता, चपलांत पाय, मांडीवर हात. सगळे निघून गेल्यावर वहीवाली त्याच्या शेजारी बसली.

"राहिलात तुम्ही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग समोर बघत विचारलं, "जुन्या वह्या दाखवल्यात का?"

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. "नाही."

"बरं केलंत," तो म्हणाला. "लेखकाला मुलगी झालीय परवा. उगाच कशाला." आणि चष्मा घालून चहा कुठं मिळतो ते बघायला गेला.

सोमवारी नव्या साहेबांनी स्वतः लिहिलेला पहिला प्रसंग होता. सांगायला जड जातं, पण तो प्रसंग विनोदी नव्हता. स्टेथोस्कोप आणि उंदीर अशी काहीतरी कल्पना होती. नटांनी जीव ओतला, दिवेवाले प्रामाणिकपणे हसायचा प्रयत्न करत होते, आणि साहेब पडद्यामागे खुर्चीच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. कट म्हणताना त्यांचा आवाज जरासा फाटला.

सगळ्यांची मान सवयीनं वहीवालीकडे वळली. साहेबांचीही.

तिनं पायथ्याकडे पाहिलं होतं. तिनं वहीत लिहिलं, पेन्सिल जरा दाबून, आणि मग मान वर करून होकार दिला. चोविसावा.

साहेब उसवलेल्या ढगाच्या कापडाकडे तोंड करून उभे राहिले, पाठ सगळ्यांकडे, बराच वेळ. सातव्या बेडवर चादर हलत नव्हती.